कपाटाची किल्ली

गावोगावच्या पुष्कळशा वाचनालयांत आज जे दृश्य दिसते ते परिचयाचे आहे. मधोमध लांब मेज, त्यावर सकाळची वृत्तपत्रे, भोवती चार-सहा ज्येष्ठ नागरिक. पलीकडे स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शक पुस्तके पुढ्यात घेऊन बसलेली तरुण मुले. आणि भिंतीला लागून काचेच्या दारांची कपाटे. कपाटांत पुस्तके आहेत, दारांना कुलपे आहेत आणि किल्ली देवघेवीच्या खणात आहे. ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, म्हणजे पुस्तक मिळते. परंतु ज्याला नाव ठाऊक नाही, आणि तरीही काही चांगले वाचावे अशी ज्याच्या मनात ओढ आहे, अशा वाचकाने काय करावे? वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची हाकाटी प्रतिवर्षी होते. या साध्या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो.

आपल्याकडे वाचनाची महती गायिली जाते ती बहुधा त्याच्या उपयोगासाठी. वाचनाने ज्ञान वाढते, भाषा सुधारते, परीक्षेत गुण मिळतात, असे आपण मुलांना सांगतो. हे खोटे नव्हे. परंतु केवळ गोडीने, हाती लागेल ते वाचीत बसलेल्या मुलाला “अभ्यास सोडून हे काय चालले आहे?” असा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो. वास्तविक ज्या पिढ्यांनी आपल्याकडे मराठी वाचन रुजविले त्यांना उपयोग आणि आनंद यांत असा भेद करावयाचे सुचले नव्हते. चातुर्मासात घरोघरी श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जाई तेव्हा पुण्य पदरी पडे हे खरेच. पण ओटीवर दाटीवाटीने बसलेली मंडळी दुसऱ्या दिवशी पुन्हा येत ती पुढे काय घडले हे ऐकण्याच्या उत्कंठेनेही. त्या उत्कंठेवरच वाचनाचा सारा डोलारा उभा असतो. ती एकदा जागी झाली की ज्ञान मागून आपल्या पावलांनी येते.

पश्चिम किनाऱ्याला ग्रंथालयांची परंपरा नवी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली स्थापन झाले, आणि आज कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटो येथे उभे असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हा त्याचाच विस्तार होय. घाटावर बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. तथापि पणजीचे ते जुने ग्रंथालय मुख्यत्वे पोर्तुगीज वाचणाऱ्यांचे होते. मराठी वाचणाऱ्या हिंदू समाजाला आपल्या वाचनाची सोय आपणच करावी लागली. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना मोकळा श्वास घेता आला, तशा ठिकठिकाणी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके उभी राहिली. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर परीक्षकाची कात्री फिरू लागली. तरीही मुंबई-पुण्याकडील पुस्तके येत राहिली आणि एकेक प्रत हातोहाती वाचली गेली. त्या काळच्या वाचकाला कोणी वाचनसूची आखून दिली नव्हती. जे मिळेल ते त्याने वाचले, आणि आपल्याला काय आवडते, काय पटते, हे तो स्वतः ठरवू लागला. स्वतः ठरविण्याच्या या सवयीला राजकीय अर्थही होता, हे १९६१ पर्यंतचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको.

आजच्या वाचकाची अडचण निराळी आहे. पुस्तके उदंड आहेत. त्यांची गाठ मात्र पडत नाही. दुकानातील नवे पुस्तक चारपाचशे रुपयांना पडते. एवढी रक्कम मोजताना मध्यमवर्गीय गृहस्थ परिचित नावाकडेच वळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. हातातील यंत्र तत्परतेने पुस्तके सुचविते, पण ती आपण पूर्वी जे पाहिले त्याच जातीची. रहस्यकथा वाचणाऱ्याला ते आणखी रहस्यकथा दाखवील. त्याच्या हाती लोकसाहित्याचा संग्रह किंवा प्रवासवर्णन सहसा ठेवणार नाही. ग्रंथालयाच्या उघड्या मांडणीपुढे उभे राहिले की हे बंधन गळून पडते. शोधावयास जावे एक आणि शेजारचे दुसरेच हाती यावे, पहिली दोन पाने उभ्या उभ्या वाचावीत आणि तेच घेऊन घरी यावे, हा अनुभव ज्याने घेतला तो जन्माचा वाचक झाला. पुस्तक नाही आवडले तर अर्ध्यावर सोडून परत करता येते. पदरचे काही जात नाही. अनोळखी लेखकाला एक संधी देण्याचे धाडस वाचक ग्रंथालयातच करू शकतो. नव्या लेखकाला पहिला वाचक मिळावयाचा तो बहुधा येथेच.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडील आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पंचसूत्री ग्रंथरूपाने मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात हे त्यांचे पहिले सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे दुसरे, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे तिसरे. या तिसऱ्या सूत्राचा अर्थ असा की, वाट पाहणारे पुस्तक वाचकाच्या दृष्टीस पडले पाहिजे. कुलूपबंद कपाटात ते कसे पडणार? म्हणूनच रंगनाथन यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट मांडणीपर्यंत जाऊ देण्याचा, आयुष्यभर आग्रह धरला.

त्याही आधी बडोद्यात हे प्रत्यक्षात आले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि शिकलेल्या माणसाला पुढे वाचावयास काही नसेल तर शिक्षण विसरले जाईल हे ओळखून १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय झाली. आणि लाकडी पेट्यांत भरलेली फिरती वाचनालये खेडोपाडी जाऊ लागली. बडोद्याच्या मराठी मंडळींना या वारशाचा अभिमान वाटतो तो उगाच नव्हे.

कपाटे उघडली तर पुस्तके चोरीस जातील, फाटतील, असा आक्षेप ठरलेला आहे. काही जातील, हे मान्य. परंतु आपल्या हवामानाचाही विचार करा. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल येते. बंद कपाटात कोंदट हवेत उभी असलेली पुस्तके बुरशीने डागाळतात, त्यांना कसर लागते, आणि खालच्या फळीवर वाळवी चढली तर दार उघडेपर्यंत कोणास पत्ताही लागत नाही. वाचकाच्या हाताने जाणारे पुस्तक निदान कोणी तरी वाचलेले असते. चोराच्या भयाने कसरीच्या स्वाधीन केलेले पुस्तक मात्र कोणाचेच होत नाही. पुस्तकाच्या मागील तारखांची चिठ्ठी वर्षानुवर्षे कोरी राहावी, याहून मोठे नुकसान ग्रंथालयाच्या हिशेबवहीत दुसरे कोणते असेल?

अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांविरुद्ध आमची तक्रार नाही. घरी शांत जागा नसलेल्या मुलाला ग्रंथालयाने आसरा दिलाच पाहिजे. परंतु नोकरीचा अर्ज भरल्यानंतरही ते मूल ग्रंथालयात येईल काय, हा प्रश्न आहे. ते येईल ते गोडी लागली तरच. आणि गोडी लावण्याचे काम शेवटी ग्रंथपालाचे आहे. स्वतः वाचणारा, येणाऱ्याची आवड ओळखून “हे घेऊन जा, आवडेल” असे म्हणणारा ग्रंथपाल असेल, तर लहानशा खोलीतले वाचनालयही गजबजते. तो नसेल तर संगमरवरी इमारतही सुनी पडते.

गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९९३ साली झाला. तेव्हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा नाही, दृष्टीचा आहे. आमच्या सूचना साध्या आहेत. कपाटांची कुलपे काढावीत. नवी पुस्तके आली की ती महिनाभर प्रवेशद्वाराशी मांडावीत. वाचकांनी हवी ती पुस्तके लिहावीत म्हणून एक वही ठेवावी, आणि खरेदीच्या वेळी ती खरोखर उघडून पाहावी. नोकरदार मंडळी घरी परततात त्या वेळी, संध्याकाळी, वाचनालय उघडे असावे. जेथे वाचनालय नाही त्या वाड्यावर बडोद्याप्रमाणे महिन्यातून एक पेटी जावी. आणि पालकांनी महिन्यातून एकदा मुलाला तेथे न्यावे, पुस्तक त्याचे त्याला निवडू द्यावे, आणि घरी आल्यावर त्यातून काय शिकलास असे विचारू नये. यातील बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही. किल्ली खणात आहेच. ती बाहेर काढण्याची इच्छा तेवढी हवी.