कोर्टाच्या पायऱ्यांवर विकली गेलेली घरे : अमेरिकेच्या दक्षिणेतून घ्यायचा धडा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मिळाव्यात म्हणून बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच वाटेने मांडता येईल, हा विचार त्यामागे होता. 1972 साली दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव आणि प्रेरणा घेतली. त्यामुळे रोझा पार्क्स यांची बस, लिटल रॉकची शाळा, सेल्माचा मोर्चा या गोष्टी आपल्या तरुणांना ठाऊक असतात.

त्याच काळात दक्षिणेतील गावोगावच्या न्यायालयांसमोर आणखी एक गोष्ट घडत होती. कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे आणि जमिनी तिथे जाहीर लिलावात जात होत्या. त्यासाठी गोळी झाडावी लागत नव्हती. कागद होता, शिक्का होता, वर्तमानपत्रात छापलेली नोटीस होती. वरवर पूर्ण कायदेशीर दिसणारी ही प्रक्रिया एका समाजाच्या हातातून घर कसे काढून घेते, ते आज आपण समजून घेऊ या.

लिलाव होतो कसा?

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. काउंटीच्या गावी न्यायालय असते आणि दक्षिणेत जप्तीचा लिलाव परंपरेने त्याच्याच पायऱ्यांवर किंवा दारात होतो. प्रत्येक राज्याची पद्धत थोडी वेगळी आहे. जॉर्जियात घर तारण ठेवून कर्ज घेतले की त्या कागदातच कर्ज देणाऱ्याला विक्रीचा अधिकार लिहून दिलेला असतो. हप्ते थकले तर त्याला न्यायाधीशापुढे दावा चालवावा लागत नाही. ठरलेल्या स्थानिक वर्तमानपत्रात चार आठवडे नोटीस छापायची आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात बोली पुकारायची. साउथ कॅरोलिनात न्यायालयाचा हुकूम लागतो आणि विक्रीचा दिवस असतो पहिला सोमवार.

लिलाव 'जाहीर' असतो, म्हणजे कोणीही बोली लावू शकतो. प्रत्यक्षात कर्ज देणारा आपल्या येणे रकमेपर्यंत रोख न देताच बोली लावतो, तर बाकीच्यांना पैसे लगेच उभे करावे लागतात. शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला भाऊबंदाचे घर वाचवायचे असले, तरी त्याला कर्ज देणारी बँक गावात नव्हती. शिवाय लहान गावात गोऱ्या माणसावर चढी बोली लावणे म्हणजे वैर ओढवून घेणे. समोर उभे असत ते सावकार, वकील आणि व्यापारी, बहुधा एकमेकांच्या ओळखीचे. घर कमी भावाने जाई, आणि त्या पैशात कर्ज फिटले नाही तर उरलेली रक्कम त्याच कुटुंबाच्या डोक्यावर राहू शकत असे.

या व्यवस्थेला एक जुना इतिहास आहे. मार्च 1859 मध्ये जॉर्जियातील सव्हानाजवळ पिअर्स बटलर या मळेवाल्याची कर्जे फेडण्यासाठी 400 हून अधिक गुलाम माणसे दोन दिवसांत लिलावाने विकली गेली. कर्ज मालकाचे आणि विकली गेली माणसे! गुलामगिरी संपल्यावर माणसांचा लिलाव थांबला. घरादाराचा मात्र सुरू राहिला.

तीच प्रक्रिया, वेगळे हात

लिलाव ही गोष्ट मुळातच वाईट आहे काय? साउथ कॅरोलिनातील ब्यूफर्टचा इतिहास वेगळे सांगतो. यादवी युद्धात हा भाग संघराज्याच्या सैन्याने घेतला. बंडखोर मळेवाले पळून गेले होते आणि त्यांनी संघराज्याचा कर भरला नव्हता. 1862 च्या कायद्याने त्यांच्या मालमत्ता थकीत करासाठी लिलावात काढल्या गेल्या. बरीचशी जमीन उत्तरेतून आलेल्या पैसेवाल्यांनी घेतली, पण काही ठिकाणी नुकतेच मुक्त झालेले लोक पैसे एकत्र करून उभे राहिले आणि त्यांनीही जमीन घेतली.

रॉबर्ट स्मॉल्स हे ब्यूफर्टलाच गुलाम म्हणून जन्मले. मे 1862 मध्ये त्यांनी 'प्लँटर' हे बंडखोरांचे जहाज चार्ल्सटनच्या बंदरातून पळवून संघराज्याच्या स्वाधीन केले. पुढे ज्या मालकाच्या आवारात त्यांचा जन्म झाला होता, त्याचेच घर त्यांनी या करलिलावात विकत घेतले. घरावर हक्क सांगणाऱ्या गोऱ्या पक्षाने दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1878 साली निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. तोवर ते अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडूनही आले होते.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. नोटीस, बोली, विक्रीखत हे सारे तेच होते. कर ठरवणारा, लिलाव पुकारणारा आणि तक्रार ऐकणारा बदलला, म्हणून परिणाम बदलला. 1877 नंतर संघराज्याने दक्षिणेतून हात काढून घेतला. मिसिसिपीने 1890 साली आणि साउथ कॅरोलिनाने 1895 साली नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचे मत जवळपास संपवले. शेरीफ, कर आकारणारा, न्यायालयाचा कारकून, न्यायाधीश ही सारी पदे गोऱ्यांच्या हाती गेली. मत गेले तेव्हाच घराचे संरक्षणही गेले.

घर जाण्याची तयारी आधीच झालेली असे

लिलाव हा शेवटचा टप्पा असतो. खरी लूट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पहिली गोष्ट कर्जाची. 1934 साली स्थापन झालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना सरकारी हमी द्यायला सुरुवात केली. लाखो गोऱ्या कुटुंबांना त्यामुळे दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज मिळाले. पण कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे धोक्याची वस्ती, असे हे खाते मानत होते. इतकेच नव्हे, तर घर कृष्णवर्णीयांना विकू नये अशा अटी खरेदीखतात घालण्याची शिफारसही ते करीत होते. सरकारी हमीचे कर्ज नाही, म्हणून मग खाजगी सावकार, चढे व्याज आणि छोटी मुदत. काहींना करारावर घर घ्यावे लागे. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहत असे. एक हप्ता चुकला तरी घर जाई आणि भरलेले सारे पैसेही जात.

दुसरी गोष्ट बहिष्काराची. साउथ कॅरोलिनातील क्लॅरेंडन काउंटीत लेव्हाय पीअरसन या शेतकऱ्याने कृष्णवर्णीय मुलांना शाळेची बस मिळावी म्हणून 1948 साली दावा लावला. ते ज्या शाळा-विभागात कर भरतात तो वेगळा आहे, असे कारण काढून दावा फेटाळला गेला. पुढे त्यांना कर्ज मिळेना, कापणीचे यंत्रही कोणी देईना आणि पीक शेतातच सडले. त्याच काउंटीत शाळेतील भेदभावाविरुद्धच्या दाव्यात पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे होते. त्यांची पेट्रोलपंपावरची नोकरी गेली, त्यांच्या पत्नीचीही गेली. लोकांना संघटित करणारे पाद्री जे. ए. डिलेन यांचे घर 1951 साली जळाले. घर हद्दीबाहेर आहे असे सांगून अग्निशामक दल पाहत उभे राहिले.

1954 साली शाळांमधील विभक्तीकरण घटनाबाह्य ठरले आणि मिसिसिपीतील इंडियानोला येथे 'सिटिझन्स कौन्सिल' ही गोऱ्यांची संघटना उभी राहिली. बँकवाले, व्यापारी, मळेवाले हे तिचे आधार. 1955 साली याझू सिटीत 53 कृष्णवर्णीयांनी शाळा सर्वांना खुल्या करण्याच्या अर्जावर सह्या केल्या. कौन्सिलने त्यांची नावे वर्तमानपत्रात मोठ्या जाहिरातीत छापली. पाठोपाठ नोकऱ्या गेल्या, दुकानदारांनी माल नाकारला, उधारी बंद झाली. जवळजवळ सर्वांना आपली सही मागे घ्यावी लागली.

आता हे लिलावाशी जोडून पाहा. नोकरी गेली की हप्ता थकतो. उधारी बंद झाली की बियाणे मिळत नाही आणि पीकही येत नाही. सावकाराने पूर्ण रक्कम एकदम मागितली की घर बोलीवर चढते. नोटिशीत छापले जाते फक्त 'कर्ज थकले' एवढेच. ते कोणी थकवले, हे कोणत्याच कागदावर येत नाही.

कर आणि वारसा : आणखी दोन दरवाजे

ज्यांच्यावर कर्ज नव्हते, त्यांचीही घरे गेली. कर थोडासा थकला तरी काउंटी मालमत्ता लिलावात काढते. साउथ कॅरोलिनातील हिल्टन हेड बेटावर गुलामांचे वंशज असलेल्या गला लोकांच्या जमिनी होत्या. 1956 साली बेटाला पूल झाला, पर्यटन वाढले, जमिनीचे भाव चढले आणि त्याबरोबर करही चढला. मासेमारी आणि भाजीपाल्यावर जगणाऱ्या कुटुंबांना तो झेपेना.

वारसा हा दुसरा दरवाजा. गोऱ्या वकिलांवर आणि न्यायालयांवर विश्वास नसल्याने अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी मृत्युपत्रे केली नाहीत. जमीन पणजोबांच्या नावावर आणि हिस्सेदार पन्नास, अशी स्थिती झाली. मग बाहेरचा व्यापारी दूरच्या शहरात राहणाऱ्या एखाद्या वारसाकडून छोटासा हिस्सा विकत घेई आणि न्यायालयात वाटणी मागे. इतक्या लोकांत वाटणी करणे शक्य नाही म्हणून न्यायालय सगळ्याच मालमत्तेच्या लिलावाचा हुकूम देई. बोली लावायला तोच व्यापारी हजर!

1920 साली अमेरिकेत सुमारे 9 लाख 25 हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. 1997 च्या कृषिगणनेत ही संख्या 20 हजारांच्याही खाली आली. यामागे स्थलांतर, यंत्रे, शेतीचे अर्थकारण अशी अनेक कारणे आहेत. पण असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2001 साली जमीन बळकावण्याची 107 प्रकरणे कागदपत्रांनिशी मांडली. त्यांत 406 कृष्णवर्णीय मालकांची 24 हजार एकरांहून अधिक जमीन गेली होती.

लोकांनी काय केले?

ते रडत बसले नाहीत, ही आपल्यासाठी महत्त्वाची बाब आहे. मिसिसिपीतील डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनी एक योजना मांडली आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने ती उचलली. देशभरातील कृष्णवर्णीय संस्थांनी आपल्या ठेवी मेम्फिसच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवाव्यात. ही बँक कृष्णवर्णीयांच्या मालकीची होती. या ठेवी अडीच लाख डॉलरांच्या वर गेल्या आणि बहिष्कृत कुटुंबांना त्यांतून कर्जे मिळाली. साउथ कॅरोलिनात कोलंबियाच्या व्हिक्टरी सेव्हिंग्ज बँकेने अशीच साथ दिली. मॉजेस्का सिमकिन्स यांचा त्यात मोठा वाटा होता.

पुढे लढाई कायद्याच्या मैदानातही गेली. वारसांच्या सामाईक मालमत्तेसाठी 2010 साली एक नमुना कायदा तयार झाला. त्यानुसार बाहेरच्या हिस्सेदाराने विक्री मागितली तर आधी खरी किंमत काढायची, कुटुंबाला तो हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी द्यायची, आणि विक्री अटळच असेल तर ती शक्यतो खुल्या बाजारभावाने करायची. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी अशा राज्यांनी तो स्वीकारला. साउथ कॅरोलिनाने 2016 साली तो करताना क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव दिले. हे आमदार आणि पाद्री 2015 साली चार्ल्सटनच्या चर्चमधील वर्णद्वेषी हल्ल्यात मारले गेले होते.

प्रश्न संपला असे मात्र नाही. 2008 च्या घरकर्ज संकटापूर्वी दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना त्याच पात्रतेच्या गोऱ्यांपेक्षा महाग कर्जे दिली, असा आरोप अमेरिकेच्या न्याय खात्याने कंट्रीवाइड या कंपनीवर ठेवला. 2011 साली 33.5 कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पूर्वी कर्ज नाकारून घर जात असे, आता महाग कर्ज गळ्यात बांधून जाऊ लागले.

आपण काय शिकायचे?

अमेरिकेचा वर्णभेद आणि आपली जातिव्यवस्था एक नाहीत. पण बहिष्काराचे आर्थिक हत्यार आपल्याला अनोळखी नाही. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली होती. महाराष्ट्रात त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो 2016 चा.

आज आपल्याकडे 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात न जाताच तारण घर विकता येते. शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. आधी 60 दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. बँकेने ताब्याची कारवाई केल्यानंतर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. नोटीस लाजेपोटी कपाटात दडवली की हे सारे दिवस निघून जातात.

वारशाचेही तसेच. महार वतनाच्या सामाईक जमिनी, तीन पिढ्यांची न झालेली वारसनोंद, सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव हे चित्र आपल्या गावांत दिसते. बाहेरच्या माणसाने राहत्या घरातला हिस्सा विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तर 1893 च्या पार्टिशन ॲक्टच्या कलम 4 नुसार तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेण्याचा हक्क कुटुंबाला आहे. हे किती जणांना माहीत आहे?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे : विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास कागदांसाठी ठेवा. कोणाची वारसनोंद राहिली, कोणाचा घरपट्टीचा भरणा थकला, कोणाला बँकेची नोटीस आली, याची यादी करा. वस्तीतला एक वकील, एक बँक कर्मचारी, एक तलाठी कार्यालयातली माहिती असणारा माणूस जोडून घ्या. बचतगट आणि पतसंस्था नीट चालवा, कारण अडचणीच्या महिन्यात एक हप्ता भरणारी संस्था हजार भाषणांहून मोठी ठरते. रॉबर्ट स्मॉल्स यांचे घर सर्वोच्च न्यायालयात टिकले, कारण त्यांच्या हातात कागद होता आणि त्यांच्या मागे कायदा उभा होता. आपल्याही प्रत्येक घरात तो कागद असला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!