सहा वाजता बसणारं कोर्ट

पावणेसहा वाजलेत. कोर्टाच्या आवारातून दिवसाची गर्दी बाहेर पडतेय. काळे कोट हातावर टाकलेले वकील, स्कूटरच्या पायाशी फायलींचे गठ्ठे लावणारे त्यांचे कारकून, तारीख घेऊन एसटी स्टँडकडे निघालेली म्हातारी माणसं. फाटकापाशी बसणारा टाइपिस्ट आवराआवर करतोय. झेरॉक्सवाल्याचं शटर निम्म्यावर आलंय. या सगळ्यांच्या उलट दिशेनं काही माणसं आत येतायत. एकाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच आहे. एकाच्या पँटवर पांढऱ्या सिमेंटचे शिंतोडे. एका बाईच्या खांद्याला डब्याची पिशवी. यांची कामं आत्ता सुटलीत आणि यांचं कोर्ट आता बसणार आहे.

एप्रिल आहे. ऊन कललंय, पण जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. तळमजल्यावर अंधार. बंद दारांवरच्या पितळी कड्यांना कुलपं. पहिल्या मजल्यावर एकाच व्हरांड्यातल्या ट्यूबलाइट पेटल्यात. तिथंच सगळे गोळा होतात.

भिंतीवर बोर्ड लावलाय, आजच्या प्रकरणांची यादी. मोबाइलचा उजेड पाडून जो तो आपला नंबर शोधतो. यादीत वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच कलम आहे, १३८. न वटलेले चेक. संध्याकाळच्या कोर्टाकडे बहुधा असलीच कामं येतात: छोट्या रकमांचे चेक, वाहतुकीची चलनं, दंड भरून मिटणारे किरकोळ गुन्हे. खून-दरोड्याची इथं सुनावणी नाही. इथं कुणाचे बारा हजार अडकलेत, कुणाचे अठरा.

बाकावर जागा नाही. मी भिंतीला टेकून उभा राहतो. वर पंखा आहे, त्याचा वारा बाकापर्यंत पोचत नाही. शेजारी डब्याच्या पिशवीवाल्या मावशी पदरानं मान पुसतायत. तीन घरी पोळ्या करतात. साठवलेले पैसे ओळखीच्या एका माणसाला उसने दिले. त्यानं परतफेडीचा चेक दिला, तो परत आला. प्लास्टिकच्या पाकिटातून त्या तो मला दाखवतात. घड्या पडून कडा मऊ झालेला कागद. मागं बँकेचा मेमो टाचलेला. खात्यात पुरेशी रक्कम नाही, एवढंच त्यावर लिहिलंय. टाचणी गंजलीय.

‘आधी सकाळची तारीख असायची,’ त्या सांगतात. ‘अकराला यायचं. नंबर कधी लागेल ते कुणी सांगायचं नाही. चार वाजता पुढची तारीख. तिन्ही घरचा खाडा. बायका बोलायच्या.’

दिवसाच्या कोर्टाची ही किंमत कुठल्याच निकालपत्रात उतरत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत ती मोजली गेली होती. दिवाणी दाव्यातल्या पक्षकाराला एका तारखेमागे सरासरी ४९७ रुपये खर्च येत होता आणि बुडालेली कमाई ८४४ रुपयांची होती. मावशींचा चेक चौदा हजारांचा आहे. दहा-बारा तारखा झाल्या की लढायला उरतंच काय?

‘कोर्ट बसलंऽऽ’ असं कुणी ओरडत नाही, पण व्हरांडा एकदम गप्प होतो. पट्टेवाला दारात येतो आणि पहिलं नाव पुकारतो. दोनदा. तिसऱ्या हाकेला जिन्यावरून एक जण धावत वर येतो. हेल्मेट काखेत, श्वास फुललेला. ‘ट्रॅफिक होतं, साहेब.’

आत न्यायाधीश मॅडम बसल्यात. सकाळी अकराला ज्या खुर्चीत बसल्या होत्या, तीच खुर्ची. त्यांच्या डावीकडे फायलींची चळत, समोर स्टेनो, कडेला रोजनामा लिहिणारा कारकून. त्याच्या टेबलावर बिस्किटाचा अर्धा पुडा. प्रकरणं भराभर पुढं सरकतात. हजेरीमाफीचा अर्ज, मंजूर. समन्स परत आलंय, शेरा, ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ पुन्हा समन्स काढा. पुढची तारीख.

हा शेरा दोन तासांत वारंवार कानावर पडतो. कायद्यानं वेळेची चौकट आखलेली आहे. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. खटला सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असंही कायदा म्हणतो. पण आरोपी सापडतच नसेल तर घड्याळ तिथंच अडतं. कोर्ट सकाळी बसो की संध्याकाळी, समन्स नेणाऱ्याला घर सापडलं पाहिजे.

मागच्या बाकावर दोघं कुजबुजतायत. एक फरशीचं दुकान चालवणारे काका, दुसरा तो पांढऱ्या सिमेंटच्या शिंतोड्यांचा तरुण. तो फरशी बसवतो. काकांकडून माल उचलला, चेक दिला, बिल्डरनं याचे पैसे थकवले आणि चेक परत गेला. आज त्यानं सहा हजार रोख आणलेत. उरलेले बारा दोन हप्त्यांत. काका आधी मान हलवत नाहीत. वकील काकांना बाजूला घेतात. काका नोटा मोजतात, पुन्हा मोजतात. मग वकिलांची ज्युनिअर खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, लिहायला बसते. नावाखाली दोघांच्या सह्या. मॅडम तरुणाला विचारतात, ‘तुम्हाला मान्य आहे? कुणी दबाव नाही ना?’ तो म्हणतो, ‘नाही मॅडम. दिवसा यायला लागलं असतं तर हे पैसेपण जमले नसते.’ शेवटचा हप्ता मिळाला की खटला संपणार.

अशी प्रकरणं देशभर साचलीत. २०१९ संपताना २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले प्रलंबित होते, त्यांतले ३५ लाख १६ हजार फक्त चेकचे. २०२५ मध्ये एकट्या मुंबईत १ लाख १७ हजार, दिल्लीत साडेसहा लाख. उपाय काही नवा नाही. अहमदाबादेत २००६ सालीच संध्याकाळची कोर्टं सुरू झाली. २०१० ते १५ या काळासाठी केंद्रानं राज्यांच्या न्यायव्यवस्थेला ५ हजार कोटी देऊ केले, त्यातला निम्मा पैसा सकाळ-संध्याकाळच्या जादा कोर्टांसाठी होता. मोठा हिस्सा खर्चच झाला नाही. दिल्लीत संध्याकाळच्या कोर्टापुढं २५ हजारांपर्यंतचेच चेक घेतले जात. गोव्यातून वर गेलेल्या एका खटल्याच्या २०२५ मधल्या निकालात ही मर्यादा फार कमी असल्याचं नमूद झालं.

मी पाणी प्यायला बाहेर येतो. कूलरची तोटी कोरडी आहे. कँटीन पाचलाच बंद झालंय. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे आणि किल्ली दिवसपाळीच्या शिपायाकडे. ती ज्युनिअर वकील मला म्हणते, ‘सर, कोर्ट हवंच आहे. पण साडेआठला सुटून मला लोकल पकडायची असते. खालचे दिवेसुद्धा लावत नाहीत.’ रोजनामा लिहिणारे कारकून सकाळी साडेदहापासून कामावर आहेत. वकिलांच्या संघटना कुठं कुठं या कोर्टांना विरोध करतात, तेव्हा त्यामागं ही दमणूकही असते. ती खोटी नाही. थकलेल्या माणसांवर दोन तास लादून न्याय वेगानं होत नाही. वेगळी पाळी, वेगळे कर्मचारी, जादा कामाचा मोबदला, पेटलेले दिवे, उघडं स्वच्छतागृह एवढं दिलं, तर हे कोर्ट टिकेल.

पावणेआठ. बोर्डावरची बहुतेक नावं संपलीत. मावशींचा पुकारा होतो. त्या पिशवी सावरत आत जातात. आरोपी आज हजर आहे, वकिलासह. खटल्यादरम्यान अंतरिम भरपाई मिळावी, असा मावशींच्या वकिलांचा अर्ज आहे. चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत ती देता येते, २०१८ पासून कायद्यात तशी तरतूद आहे. चौदा हजारांचे वीस टक्के म्हणजे २,८०० रुपये. समोरचे वकील म्हणणं द्यायला वेळ मागतात. मॅडम कॅलेंडर पुढं ओढतात. ‘शेवटची संधी. त्या दिवशी आदेश करणार.’

कारकून पेन उचलतो आणि मावशींकडं बघून विचारतो, ‘शेवटच्या घरातून किती वाजता सुटता?’

‘साडेपाचला.’

‘मग सव्वासहाला या. तुमचं वर घेतो.’

पक्षकाराची कामाची वेळ विचारून तारीख देणारं कोर्ट ही फार मोठी मागणी नाही. चौदा हजारांच्या चेकवाल्या बाईलाही पगार न बुडवता दाद मागता यायला हवी, आणि त्यासाठी शहराशहरांतून हा संध्याकाळचा मजला उघडा राहायला हवा.