डिझेलला ‘टॉनिक’ पाजण्यापूर्वी

युरोप-अमेरिकेत सुट्टी लागली की अनेक कुटुंबे हॉटेलच्या चौकशा करीत बसत नाहीत. ओटा, पलंग, न्हाणीघर असे सारे बिऱ्हाडच चाकांवर घेऊन ती निघतात. या गाडीला मोटरहोम म्हणतात. युरोपात अशा बहुतेक गाड्या डिझेलवर धावतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रकार अपरिचित नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून आपल्याकडेही त्याविषयी कुतूहल वाढले आहे.

गाडी आली की तिच्या मागोमाग औषधाच्या बाटल्याही येतात. ‘इंजिन स्वच्छ होईल’, ‘मायलेज वाढेल’, ‘थंडीत गाडी अडणार नाही’ अशी आश्वासने देणारी ही द्रव्ये डिझेलच्या टाकीत ओतायची असतात. त्यांना ‘फ्युएल ॲडिटिव्ह’ म्हणतात. त्यांतील काही खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपयोगी, तर काही चक्क घातक. म्हणून बाटली उघडण्यापूर्वी आजार कोणता हे ओळखणे महत्त्वाचे.

पडून राहण्याचा आजार

मोटरहोम वर्षातून काही आठवडे धावते आणि उरलेले महिने उभी असते. तिचे निम्मे दुखणे यातच आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेत दमटपणा असतो. रात्री गारवा पडला की त्याचे पाणी होते आणि ते डिझेलच्या खाली जाऊन बसते. युरोपातील नेहमीच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकते आणि बायोडिझेल पाणी अधिक ओढून घेते. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना भिडतात तेथे जंतू व बुरशी वाढते. टाकीच्या तळाशी काळपट, बुळबुळीत गाळ साचतो आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात फिल्टर तुंबतो.

आधुनिक डिझेल इंजिनात इंधन १६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने फवारले जाते. साध्या मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब असतो जेमतेम दोन-अडीच बार! इतक्या दाबाखाली काम करणाऱ्या नाजूक भागांना पाणी आणि गाळ सहन होत नाही. इंजेक्टर आणि पंप बदलण्याचा खर्च सबंध सहलीच्या खर्चाला मागे टाकू शकतो.

यावरचा पहिला उपाय फुकटात होतो. गाडी उभी करण्यापूर्वी टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही. फिल्टरजवळ साचलेले पाणी अधूनमधून काढून टाकावे. बुरशी झालीच असेल तर जंतुनाशक ॲडिटिव्ह उपयोगी पडते. मात्र मेलेली बुरशीही गाळच असते, त्यामुळे टाकी साफ करणे आणि फिल्टर बदलणे चुकत नाही. हे द्रव्य विषारी असल्याने हातमोजे घालूनच वापरावे आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

खोबरेलासारखे थिजणारे डिझेल

थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. डिझेलचेही काहीसे तसेच आहे. त्यात नैसर्गिक मेण असते. पारा पुरेसा खाली गेला की मेणाचे कण बनतात आणि फिल्टर बंद पडतो. म्हणूनच थंड देशांत ऋतूनुसार डिझेल बदलते. जर्मनीत १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळणारे डिझेल उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून जाईल असे असावे लागते; उन्हाळी डिझेलला मात्र शून्य अंशापर्यंतचीच अट आहे.

मोटरहोमवाल्यांची फसगत इथेच होते. टाकी भरलेली असते ऑगस्टमध्ये किंवा दक्षिणेकडच्या उबदार प्रदेशात, आणि बर्फात जायचे असते डिसेंबरमध्ये. त्यातून अनेक गाड्यांत घर उबदार ठेवणारा हीटरही त्याच टाकीतले डिझेल घेतो. म्हणजे इंजिन अडले त्याच रात्री आतली ऊबही जाऊ शकते आणि मुलेबाळे कडाक्याच्या थंडीत कुडकुडत बसतात.

येथे थिजणे रोखणारे ॲडिटिव्ह खरोखर कामाचे आहे. ते मेणाचे कण बारीक ठेवते. पण ते डिझेल पातळ असतानाच घालावे लागते. थिजलेल्या डिझेलवर ओतून काहीही साधत नाही. मग गाडी उबदार जागी नेणे आणि गरजेप्रमाणे फिल्टर बदलणे हाच मार्ग उरतो.

आपल्या लडाखमध्ये हाच प्रश्न वर्षानुवर्षे होता. डिझेल पातळ राहावे म्हणून चालक त्यात रॉकेल मिसळत. रॉकेलमुळे डिझेलचा वंगणाचा गुण कमी होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेले हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. थोडक्यात, योग्य ऋतूचे डिझेल हाच खरा उपाय, बाटली हा आयत्या वेळचा.

वंगण आणि मायलेजचे दावे

युरोपात आणि एप्रिल २०२० पासून भारतातही डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत १० भाग इतके खाली आणले गेले आहे. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो, म्हणून त्याची भरपाई पुरवठ्यापूर्वीच केली जाते. चांगल्या पंपावरचे डिझेल असे आधीच औषध घेऊन आलेले असते. पेट घेण्याचा गुण, म्हणजे सीटेन, युरोपात किमान ५१ असावा लागतो. अमेरिकेत किमान ४० चालतो. त्यामुळे सीटेन वाढवणाऱ्या बाटलीचा थंडीत गाडी सुरू करण्यासाठी अमेरिकेत काही उपयोग होऊ शकतो. युरोपात तो क्वचितच जाणवेल.

मायलेजच्या जाहिरातींपासून मात्र सावध राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे ॲडिटिव्हची नोंदणी करावी लागते, पण नोंदणी म्हणजे त्या संस्थेची शिफारस नव्हे. बाटलीवर नोंदणीचा उल्लेख पाहून भुलू नये.

रोगापेक्षा इलाज भयंकर

डिझेलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा जुना उपाय आधुनिक इंजिनाचा पंप खराब करू शकतो. पाणी घालवण्यासाठी ओतलेले स्पिरिटही तसेच. ज्या द्रव्यात धातू असतात त्यांची राख धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये साचून राहते. सर्वांत महागडी चूक ‘ॲडब्लू’ची. युरिया आणि पाण्याचे हे मिश्रण ॲडिटिव्ह नव्हे. त्याची टाकी वेगळी असते. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलेच, तर किल्लीसुद्धा फिरवू नये. थेट मेकॅनिकला बोलवावे.

तेव्हा बाटली घेण्यापूर्वी गाडीचे माहितीपुस्तक वाचावे. काही उत्पादक ॲडिटिव्ह वापरण्यास मनाई करतात आणि ती मोडल्यास वॉरंटी धोक्यात येते. परवानगी असेल तर सांगितलेल्या मापानेच घालावे. दुप्पट मात्रेने दुप्पट गुण येत नाही. गर्दीच्या पंपावर ताजे डिझेल भरणे, थंडीकडे निघताना वाटेतच तिथले हिवाळी डिझेल घेणे आणि एक जादा फिल्टर सोबत ठेवणे एवढे केले, तर बाटलीची गरज क्वचितच पडेल.