बीड जिल्ह्यातील बदलते पर्जन्यमान आणि अल्पभूधारकांसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील बीड जिल्ह्याच्या शेतीचा विचार आजवर प्रामुख्याने अवर्षणाच्या अंगाने झाला. तथापि, सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत याच जिल्ह्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. खंड आणि अतिवृष्टी एकाच हंगामात संभवत असल्याने दोन्हींत उपयोगी पडेल असे तंत्र अल्पभूधारकास हवे. रुंद वरंबा-सरी पद्धत या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

या पद्धतीत रुंद वरंब्यावर पिकाच्या काही ओळी पेरून दोन्ही बाजूंस सऱ्या ठेवतात. सऱ्या उताराला आडव्या असल्यास हलक्या पावसाचे पाणी त्यांत मुरते व खंडाच्या काळात ओल टिकते. पाऊस जास्त झाल्यास त्याच सऱ्यांतून निचरा होतो आणि वापसा लवकर येतो. मात्र नदीच्या पुरापुढे ही पद्धत अपुरी पडते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडचा समावेश होता व त्यात या पद्धतीस उत्तेजन मिळाले. परंतु ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्र विकत घेणे दोन एकरांच्या शेतकऱ्यास परवडत नाही. त्याने सोयाबीनची नेहमीप्रमाणे पेरणी करून, पीक महिन्याचे झाल्यावर दर चार ओळींनंतर बळीराम नांगराने सरी काढावी. हे काम बैलजोडीवर होते.

हंगाम हातचा गेल्यास येथील अनेक कुटुंबांना ऊसतोडीसाठी स्थलांतर करावे लागते. म्हणूनच अल्पखर्चिक तंत्राचा प्रसार हा विस्तारकार्याचा गाभा असावा.