विक्रांत : तात्पुरतं ठरलेलं संग्रहालय

युद्धातल्या वस्तूंचं प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं येतात. पदकं, शिरस्त्राणं, एखादी जुनी रायफल. आज पिंपळगावात आपण ज्या संग्रहालयाबद्दल बोलतो आहोत, तिथली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे खुद्द संग्रहालयाची इमारत होती. विमानवाहू नौका विक्रांत.

ही नौका इंग्रजांनी १९४३ साली दुसऱ्या महायुद्धासाठी बांधायला घेतली. नाव हर्क्युलस. युद्ध संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात आली. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीला होती, त्यामुळे टोमणे पुष्कळ खाल्ले. १९७१ मध्येही बॉयलरला तडे गेलेले, पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. नादुरुस्त बॉयलर घेऊन केलेली ही कामगिरी आम्हाला तिच्या सगळ्या इतिहासात मोठी वाटते.

३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत लोकांना ती आतून पाहता येऊ लागली. शाळेच्या सहली जायच्या, मुलं डेकवर हुंदडायची. कायमस्वरूपी संग्रहालयाच्या घोषणा झाल्या, पण पैशाचं गणित काही जमलं नाही.

इथल्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. मांडवाचे अँगल गंजतात, तारा बदलाव्या लागतात. आणि बाग तर कोरड्या जमिनीवर असते. इथे सुमारे २१३ मीटर लांबीचं पोलाद रात्रंदिवस खाऱ्या पाण्यात उभं. तळ बघायचा तर गोदीत घ्यायला हवं, आणि तो खर्च तिकिटाच्या पैशातून कुठून निघणार? २०१२ मध्ये धोकादायक म्हणून ती लोकांसाठी बंद झाली. वाचवण्यासाठी काही मंडळी न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही, आणि त्याच वर्षी मुंबईत ती तोडायला सुरुवात झाली. तिच्या थोड्या पोलादातून मुंबईत एक स्मारकशिल्प उभं राहिलं. थोडं मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्यांत गेलं.

विमानाला मात्र जागा थोडी लागते. सी हॉक पाहायचं असेल, तर गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे ते आजही पाहायला मिळतं.