तीन राज्यांचा एकच आमदार

१९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा वसंतराव नाईक तिशीतले वकील होते. पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातलं, पूस नदीकाठचं तालुक्याचं गाव. जवळच्याच गहुलीत, बंजारा कुटुंबात त्यांचा जन्म झालेला. १९५२ मध्ये ते पुसदचे आमदार झाले. यापुढचा प्रवास मात्र नकाशा समोर ठेवूनच वाचावा.

तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. म्हणून नाईक त्या राज्याच्या विधानसभेत बसले, महसूल खात्याचे उपमंत्रीही झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, पुसद द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि नाईक तिथे मंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र जन्माला आला. नाईक त्याचे महसूलमंत्री! आठ वर्षांत तीन राज्यं झाली, पुसद मात्र होतं तिथेच.

याहूनही थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. नव्या राज्याने सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष नाईकच. देशपातळीवरच्या बलवंतराय मेहता समितीचा भर पंचायत समितीवर होता. नाईक समितीने जिल्हा परिषदेला बळ द्यायला सांगितलं. शिवाय आमदार-खासदारांना या परिषदेचं सदस्यत्व नको, असंही सुचवलं. आणि हे सुचवणाऱ्या समितीचा अध्यक्ष स्वतः आमदार, वर मंत्री! सत्ता खाली सोपवायची आणि तिथे आपण ठाण मांडायचं नाही, हा संयम आजही विरळाच. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या.

५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठं याच काळातली. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्र कृषिदिन म्हणून पाळतो.

जिल्हा परिषदांनी राज्याला नेतेही दिले. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख जिल्हा परिषदेतून पुढे आले आणि मुख्यमंत्री झाले. नाईकांचे पुतणे सुधाकररावही गहुलीचे सरपंच, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री. गावचा कारभार पाहणारा माणूस राज्यही चालवू शकतो, हे नाईकांनी स्वतः दाखवलं. इतरांनाही ती संधी मिळावी म्हणून वाट बांधून दिली, हे त्यांचं अधिक मोठं काम.