चमचाभर विरजण

दही लावायचं तर आधी दही हवं. घरातलं विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारच्या दारात उभं राहावं लागतं. संगणकाचंही असंच आहे. डिस्कवरचा प्रोग्राम उचलून मेमरीत आणायचं काम ऑपरेटिंग सिस्टीमचं. पण ती स्वतःही एक प्रोग्रामच, आणि यंत्र बंद असताना डिस्कवरच निजलेली. मग तिला कोण उठवणार? इंग्रजीत या पेचाला बुटाची मागची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलण्याची उपमा मिळाली. त्या ‘बूटस्ट्रॅप’चं आखूड रूप म्हणजे आपल्या तोंडी रुळलेलं ‘बूट’.

हे सगळं मला कळलं ते गेल्या दिवाळीच्या तोंडावर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत होती, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर हवा. माझा जुना लॅपटॉप त्या परीक्षेत नापास. कीबोर्ड धड, पडदा धड, केवळ वयामुळे घरी बसवलेला. म्हणून त्यावर लिनक्स मिंट चढवायचं ठरवलं. त्याला २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा चालते. ४ जीबी असेल तर उत्तमच. आयएसओ फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, लॅपटॉपला लावली आणि बटण दाबलं. पडद्यावर जुनं विंडोजच हजर! भाचा शेजारी फराळाची बशी घेऊन बसला होता. तो म्हणाला, “मामा, ती कॉपी नाही करायची. लिहायची असते.”

पहिले ५१२ बाइट

कॉपी आणि लिहिणं यांतला फरक समजायला थोडं मागे जावं लागतं. १९७५ चा अल्टेअर ८८०० विकत घेणाऱ्याला विरजण हाताने लावावं लागे. यंत्र सुरू केलं की पुढच्या पाटीवरचे खटके वरखाली करत सुरुवातीच्या सूचना एकेक करून भरायच्या. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा हे काम चिपमध्ये कायमचं कोरलेल्या ‘बायोस’कडे होतं.

बायोसला फाइली आणि फोल्डर कळत नाहीत. ते डिस्कचा अगदी पहिला कप्पा, म्हणजे अवघे ५१२ बाइट, मेमरीत आणतं आणि पुढचा कारभार त्यांच्या हाती देतं. हार्ड डिस्कच्या या कप्प्याची वाटणी पुढे रूढ झाली ती अशी: ४४६ बाइट सूचनांना, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन ओळखीच्या शिक्क्याला. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे त्या ४४६ बाइटांत मराठीची दीडशे चिन्हंही मावणार नाहीत. एवढ्याशा जागेतला प्रोग्राम आपल्याहून मोठ्याला हाक मारतो, तो आणखी मोठ्याला, आणि अखेर अख्खी सिस्टीम उभी राहते. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध विरजावं, तसं.

माझी आयएसओ पेनड्राइव्हच्या मधल्या भागात एखाद्या फोटोसारखी पडून होती. पहिल्या कप्प्यात तिचं काहीच नव्हतं. दूध ओतलं होतं, विरजण लावलंच नव्हतं.

तबकडीची प्रतिमा

आयएसओ हे नाव आलं १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकावरून. सीडीवर फाइली कशा मांडाव्यात हे त्याने ठरवलं. आयएसओ फाइल म्हणजे तबकडीची आरंभापासून शेवटापर्यंतची हुबेहूब प्रतिमा. सीडीवरून यंत्र सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही रीत १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम यांनी आखली. तिच्यातली एक युक्ती मजेदार आहे: सीडीवरची छोटी प्रतिमा पुढे करून बायोसला ती फ्लॉपीच आहे असं भासवायचं.

पेनड्राइव्ह बाजारात आले २००० च्या सुमारास. सुरुवातीचे जेमतेम ८ एमबीचे. त्याच काळात अनेकांची लिनक्सशी ओळख सीडीवरूनच झाली. उबुंटूच्या सीड्या २००५ ते २०११ या काळात मागणी केल्यावर फुकट टपालाने घरपोच येत. पुढे लिनक्सवाल्यांनी आयएसओची बांधणीच दुहेरी केली. तीच प्रतिमा सीडीवर चालते आणि पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उतरवली तरी चालते. भाचा ‘लिहिणं’ म्हणाला ते हेच.

नव्या यंत्रांत बायोसची गादी यूईएफआयने घेतली. त्याचा सांभाळ करणारा मंच २००५ मध्ये स्थापन झाला. यूईएफआयला फाइली वाचता येतात. फॅट पद्धतीने आखलेल्या विभागात ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल असं तो शोधत जातो. विरजणाची वाटी आता नाव-पत्त्यानिशी ठेवलेली असते. एक अडचण मात्र उरते. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या आतच असावी लागते, आणि विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी निघते. म्हणून काही साधनं मोठा विभाग एनटीएफएस पद्धतीने आखतात आणि शेजारी छोटासा फॅट विभाग केवळ यंत्राला उठवण्यासाठी ठेवतात.

प्रत्यक्ष कृती

आठ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार, हे आधीच मनाशी धरावं. आयएसओ मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिचा एसएचए-२५६ ठसा ताडून पाहावा. हा ६४ अंक-अक्षरांचा ठसा फाइलीत एक बाइट बदलला तरी पार वेगळा येतो. ही काळजी अनाठायी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही काळ लोकांना चोरवाट ठेवलेली आयएसओ मिळत होती. ठसा मात्र दुसऱ्या, विश्वासाच्या ठिकाणाहून मिळालेला हवा. चोराने फाइलीबरोबर तोही बदललेला असू शकतो.

लिहिण्यासाठी विंडोजवर रूफस सोयीचं. ते २०११ पासून आहे. एचर हे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. लिनक्सवर ‘डीडी’ ही जुनी आज्ञाही आहे. ती ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. डिस्कचं नाव चुकलं तर पेनड्राइव्हऐवजी अख्खी हार्ड डिस्क धुऊन निघते, म्हणून गमतीने तिला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात. आकार पाहून खात्री करावी, मगच एंटर दाबावं.

मग पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करायचं आणि लगेच बूट मेन्यूची कळ दाबायची. अनेक लॅपटॉपवर ती एफ१२ असते, काहींवर एफ९ किंवा एस्केप. उशीर झाला की जुनी सिस्टीम उठून बसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मिंटसारखी सिस्टीम हार्ड डिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, टचपॅड, मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कळफलक, सगळं तपासून घ्यावं. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी. काम झाल्यावर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह कधी अगदीच लहान दिसतो. तो बिघडलेला नसतो, विभागांची आखणी बदललेली असते. पुन्हा फॉरमॅट केला की पूर्ववत.

मी माझा फॉरमॅट केला नाही. भाच्याने त्यावर व्हेंटॉय बसवून दिलं. हे भांड्यालाच लागून राहिलेलं विरजण. एकदा बसवलं की आयएसओ खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या. कोणती उठवायची ते सुरुवातीला यादीतून निवडायचं. म्हणजे माझी पहिली चूकच आता योग्य रीत ठरली होती.

लॅपटॉप वर्षभर बिनतक्रार चालतो आहे. हा लेखही त्यावरच टाइप केला. मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या मुलाने तो पेनड्राइव्ह मागून नेला. त्याच्या आजोबांचा संगणक अडला होता. दोन दिवसांनी परत मिळाला तो लावून पाहिला, तर यादीत माझ्या मिंटखाली डेबियनची एक ओळ वाढलेली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, हे त्या पोराला कुणी सांगावं लागलं नव्हतं.